बायबलातला यावान आणि आपला मिलिंद

गेल्या वैशाखी पौर्णिमेला फुलंब्रीत आम्ही भाषण केले. भाषणाची आम्हाला सवय आहे. दिवसभर कचेरीत आकडे आणि संध्याकाळी माईक, असे आमचे गेली वीस वर्षे चालले आहे. समोर मायमाउल्या होत्या, पोरेसोरे होती, दिवसभराची मजुरी करून परस्पर येऊन बसलेले बांधव होते. बोलण्याच्या ओघात आम्ही सांगून टाकले की, येशू ख्रिस्त तरुणपणी भारतात आला होता, बौद्ध भिक्खूंपाशी शिकला आणि मग आपल्या देशात जाऊन त्याने करुणेचा उपदेश केला. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की बोलणाऱ्याला आपण खरेच बोललो असे वाटू लागते.

श्रोत्यांमध्ये आमचे थोरले मावसभाऊ बसले होते. ते सेवानिवृत्त शिक्षक. आमच्या मावशीचे सासर जालन्याकडचे आणि कैक पिढ्यांचे ख्रिस्ती. जालन्याजवळ बेथेल नावाचे ठिकाण आहे. स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ते एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या गोरगरिबांसाठी वसवले. तिकडच्याच या मंडळींपैकी ते घर. आमच्या घराने १९५६ नंतर धम्म स्वीकारला. म्हणजे एकाच आजीची नातवंडे, एका घरात वंदना आणि दुसऱ्या घरात प्रार्थना. लग्नकार्यात, दुखण्याखुपण्यात कधी अंतर पडले नाही. नाताळचा फराळ आमच्याकडे येतो, आमची खीर त्यांच्याकडे जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मावशीला भेटायला गेलो, तर दादा बायबल मांडीवर घेऊनच बसलेले.

"भाषण चांगलं झालं," ते म्हणाले. "आता एक सांग. तू कारकून माणूस. व्हाउचर नसताना खातेवहीत नोंद घेतोस का?"

"नाही."

"मग येशू तुमच्या भिक्खूंपाशी शिकला याचं व्हाउचर दाखव."

आतून मावशी ओरडली, "आरं, चहा तरी पिऊ दे लेकराला!" हे लेकरू अठ्ठेचाळीस वर्षांचे आहे.

व्हाउचर आमच्यापाशी नव्हते. एका पुस्तिकेत वाचले होते, त्या पुस्तिकेने दुसऱ्या पुस्तिकेतून घेतले होते. दादा रागावले नव्हते, पण दुखावले होते. आपल्या श्रद्धेच्या माणसाला कोणी न विचारता दुसऱ्याच्या शाळेत नाव घालून टाकले, असे त्यांना वाटले. आमच्या तथागतांविषयी कोणी पुराव्याशिवाय असे बोलले असते तर? विष्णूचा नववा अवतार म्हणणाऱ्यांवर आम्ही किती वेळा तोंडसुख घेतले आहे! तेव्हा गप्प बसून वाचायला लागणे भाग होते. पुढचे पाच-सहा महिने जे वाचले आणि विचारले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

पहिली गोष्ट त्या व्हाउचरचीच. ही कथा निकोलस नोटोविच नावाच्या एका रशियन प्रवाशाने १८९४ साली फ्रेंच पुस्तकातून जगापुढे आणली. लडाखच्या हेमिस मठात पाय मोडून पडलो असता तिथल्या लामांनी 'इसा'चे चरित्र वाचून दाखवले, असे त्याचे म्हणणे. त्याच साली पंडित मॅक्स म्यूलर यांनी त्यावर शंका घेतली. १८९५ साली आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले आणि तिथल्या मुख्य लामांना विचारले. असा कोणताही ग्रंथ मठात नाही, असे लामांनी सांगितले. म्हणजे ज्या बौद्ध मठाच्या नावावर ही नोंद पडली, त्या मठानेच ती नाकारली. त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी कथा चालूच आहे. का चालते, तेही सांगून टाकतो. त्या कथेतला इसा जगन्नाथपुरीला ब्राह्मणांपाशी शिकतो आणि मग शूद्रांच्या बाजूने उभा राहतो. आपल्या कानाला ते गोड लागते. गोड लागले म्हणून ते खरे ठरत नाही. ही चूक आमची, ती आम्ही दादांपाशी कबूल केली.

पण चूक कबूल करून विषय संपला नाही. बायबलचे जग आणि आपले जग यांचा काही संबंध होता की नाही? वाचता वाचता जे सापडले ते त्या बनावट कथेपेक्षा कितीतरी मोठे निघाले.

ज्यांच्या घरी बायबल नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. बायबल हे एक पुस्तक नसून अनेक पुस्तकांचा संग्रह आहे. जुना करार हा मुळात यहुदी लोकांचा धर्मग्रंथ. तो हिब्रू भाषेत आणि काही भाग अरामी भाषेत, कित्येक शतकांत मिळून लिहिला गेला. नवा करार येशूनंतरच्या शंभरेक वर्षांत ग्रीक भाषेत तयार झाला. या पुस्तकांत राजांची नावे आहेत, लढाया आहेत, शहरे आहेत, मालाच्या याद्या आहेत. काही गोष्टींना बाहेरचा पुरावा सापडतो, काहींना नाही. मोशेने गुलामांना मिसर देशातून बाहेर काढले, ही कथा घ्या. बाबासाहेबांचेही तिच्याकडे लक्ष होते आणि त्यांनी मोशेवर लिहिले आहे, कारण गुलामाला वाट दाखवणारा माणूस त्यांना ओळखीचा वाटला असणार. पण मिसरच्या लेखांत त्या निर्गमनाची नोंद मिळत नाही. 'इस्राएल' हे नाव मात्र तिथल्या मेर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात येते. तो इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचा.

आता कारकुनाला आनंद व्हावा असे उदाहरण सांगतो. बाबिलोनच्या राजाने यहुदा देशाचा राजा यहोयाखीन याला कैद करून नेले आणि पुढे त्याला रोजचा शिधा मिळू लागला, असे जुन्या करारातल्या राजे या पुस्तकाच्या शेवटी आहे. श्रद्धेचा माणूस ते वाचून पुढे जाईल. पण बाबिलोनच्या राजवाड्याच्या उत्खननात मातीच्या भाजक्या पाट्या सापडल्या, त्या निघाल्या कोठीच्या नोंदी! कुणाला किती तेल दिले त्याचा हिशेब. त्यात यहुदाच्या राजाचे आणि त्याच्या पाच मुलांचे नाव आहे. इ.स.पू. ५९२ च्या सुमाराची ती नोंद. राजा गेला, बाबिलोन मातीत गेले आणि रेशनवाल्या कारकुनाची पाटी तेवढी राहिली. हे वाचल्यावर आम्ही कचेरीतल्या आमच्या रजिस्टरांकडे थोड्या आदराने पाहू लागलो आहोत.

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या फौजेने यरुशलेम जाळले आणि यहुदी लोकांना मोठ्या संख्येने नेऊन परमुलखात बसवले. पुढे इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या सायरस राजाने बाबिलोन घेतले आणि परागंदा लोकांना घरी परतण्याची मुभा दिली. बायबलमध्ये या परक्या राजाची फार स्तुती आहे. त्याचा मातीचा लेख १८७९ साली सापडला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला हा लेख २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातही आणला होता. त्यात यहुद्यांचे नाव नाही, पण पळवून आणलेले देव आणि माणसे त्यांच्या त्यांच्या गावी परत पाठवल्याचे आहे.

रूढ कालगणना इ.स.पू. ५६३ हे भगवान बुद्धांचे जन्मवर्ष धरते. त्या हिशेबाने बाबिलोन पडले तेव्हा सिद्धार्थ गौतम चोवीस वर्षांचे होते, अजून कपिलवस्तूत होते. सायरसच्या वारसांनी राज्य सिंधू नदीपर्यंत वाढवले. म्हणून बायबलच्या एस्तेर या पुस्तकात इराणी राजाचे राज्य भारतापासून कूश देशापर्यंत होते असे पहिल्याच वाक्यात येते. हिब्रूतला शब्द आहे 'होदू'. सिंधूचा हिंदू, हिंदूचा होदू. आणि इकडून तिकडे? आपल्या जातकांमध्ये बावेरू जातक आहे. बावेरू म्हणजे बाबिलोन. व्यापारी जहाजातून तिथे कावळा घेऊन जातात. त्या देशात पक्षी नसल्याने लोकांना त्याचेच अप्रूप, शंभर नाण्यांना विकत घेतात. पुढच्या खेपेला व्यापारी मोर आणतात, तो हजाराला जातो आणि कावळ्याला कोणी विचारीत नाही. ही गोष्टच आहे, इतिहास नव्हे. पण बाबिलोनला जहाज जाते हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक होते, एवढे तरी त्यावरून कळते.

आता यवनांकडे येऊ. कारण आमच्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली या एका शब्दात आहे.

दादांच्या मराठी बायबलात उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात नोहाच्या वंशजांची नावे आहेत, त्यात 'यावान' आहे. हिब्रू भाषेत आजही ग्रीस देशाला यावानच म्हणतात. आयोनिया नावाच्या ग्रीक मुलखावरून इराण्यांनी 'यौन' केले, पालीत 'योन' झाले, संस्कृतात 'यवन'. पुढे आपल्याकडे हाच शब्द मुसलमानांना हिणवायला वापरला गेला, तो भाग निराळा. मूळचा यवन म्हणजे ग्रीक. बायबलचा यावान आणि अशोकाच्या शिलालेखातला योन एकच.

अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये मेला आणि त्याच्या सरदारांनी राज्य वाटून घेतले. यरुशलेम आधी मिसरच्या टॉलेमी घराण्याकडे गेले. सम्राट अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात पाच योन राजांची नावे घातली आहेत: अंतियोक, तुरमय, अंतिकिनी, मक आणि अलिकसुंदर. या सगळ्यांच्या राज्यांत धम्माचा संदेश पोहोचवल्याचे तो सांगतो. यातला तुरमय म्हणजे मिसरचा दुसरा टॉलेमी. यरुशलेम त्या वेळी याच राजाच्या ताब्यात होते! आणि यहुद्यांचा धर्मग्रंथ हिब्रूतून ग्रीकमध्ये आणण्याचे काम याच राजाच्या काळी अलेक्झांड्रियात सुरू झाले असे यहुदी परंपरा सांगते. याच राजाच्या अर्थमंत्र्याचा झेनॉन नावाचा एक कारभारी इ.स.पू. २५९ मध्ये पॅलेस्टाईनभर हिंडला, त्याचे सुमारे दोन हजार कागद मिसरच्या वाळूत टिकून राहिले. त्यात गहू, तेल, गुलाम, पगार सगळे आले. अशोकाचा तेरावा शिलालेख याच दोन-चार वर्षांतला. अशोकाचे दूत यरुशलेमला गेले असे आम्ही म्हणत नाही, आता जीभ भाजली आहे. पण ज्या राजाच्या दरबारी दूत पाठवल्याचे अशोक सांगतो, त्याच राजाला यरुशलेमचे लोक कर भरत होते, ही नोंद पक्की आहे.

दुसरी पक्की नोंद भाषेची. १९५८ साली अफगाणिस्तानात कंदाहारजवळ अशोकाचा एक शिलालेख सापडला. तो दोन भाषांत आहे, ग्रीक आणि अरामी. अरामी म्हणजे येशूची मातृभाषा. नवा करार ग्रीकमध्ये असला तरी 'अब्बा' असे येशूच्या तोंडचे काही अरामी शब्द त्यात तसेच राहिले आहेत. आमच्या शेजारची पोरे बापाला अब्बा म्हणून हाक मारतात, तो शब्दही त्याच भाषाकुळातला. येशूच्या जन्माआधी अडीचशे वर्षे, त्याच्या आईच्या भाषेत, प्राण्यांना मारू नये आणि आईबापांचे ऐकावे असा अशोकाचा उपदेश दगडावर कोरलेला होता. हे जेव्हा आम्ही दादांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याचं व्हाउचर दगडाचं आहे बाबा. ते मानावंच लागेल."

इ.स.पू. २०० च्या सुमारास यरुशलेम टॉलेमींकडून सिरियाच्या अँटायोकस घराण्याकडे गेले. याच घराण्याच्या चौथ्या अँटायोकसने इ.स.पू. १६७ मध्ये यहुद्यांच्या मंदिरात आपल्या देवाची वेदी मांडली, त्यांचे आचार बंद केले. तेव्हा मक्काबी घराण्याने बंड केले आणि तीन वर्षांनी मंदिर परत घेतले. ती हकिकत मक्काबींच्या पुस्तकांत आहे. रोमन कॅथलिकांच्या बायबलात ही पुस्तके असतात, दादांच्या प्रॉटेस्टंट बायबलात नसतात. त्यात एका लढाईत सिरियाच्या फौजेचे हत्ती येतात आणि हत्तीवर बसणाऱ्या माहुताला 'हिंदी' म्हटले आहे. कुठला असेल तो माहूत? परक्या राजाच्या पगारावर, परक्या लोकांचे बंड मोडायला, आपल्या हत्तीसकट निघालेला. इतिहासात त्याचे नाव नाही. आमच्यासारख्यांना त्याच्याविषयी राजापेक्षा जास्त वाटते.

कोकणातल्या बेने इस्राएल लोकांमध्ये अशी आठवण आहे की, त्यांचे पूर्वज याच धामधुमीत देश सोडून निघाले, अलिबागजवळ नवगावला जहाज फुटले आणि सात पुरुष, सात बाया तेवढ्या वाचल्या. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावोगाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. सालाला कागदी पुरावा नाही, ती परंपराच समजावी. पण कुणी पुरोहित नाही, पोथी नाही, आणि तरी घाणा शनिवारी बंद. शतकानुशतके मराठी बोलत त्यांनी एवढे राखले.

या अँटायोकसच्या मागून जेमतेम दहा-पंधरा वर्षांत पंजाबकडे एक योन राजा झाला. मिनँडर. म्हणजे आपला मिलिंद! बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, त्याला नाव दिले मिलिंद आणि परिसर नागसेनवन. मराठवाड्यातल्या आपल्या पहिल्या पदवीधर पिढीने त्या दारातून आत पाऊल टाकले. घरोघर एखादा मिलिंद आहे. पण मिलिंद हे ग्रीक नाव आहे हे किती जणांना ठाऊक असेल? भिक्खू नागसेनांशी वाद घालताना जो प्रश्नावर प्रश्न विचारतो आणि पटले की मोकळ्या मनाने पटले म्हणतो, तो हा राजा. आम्ही त्याच महाविद्यालयाच्या आवारात वाढलेल्या माणसांची भाषणे ऐकून मोठे झालो आणि दादांपुढे चूक कबूल करायला आम्हाला चार दिवस लागले.

मिलिंदाच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. ग्रीकमध्ये त्याला 'सोतेर' म्हटले आहे, खरोष्ठीत त्याचेच भाषांतर 'त्रातर', म्हणजे त्राता. यवन राजे ही पदवी सर्रास लावत. दोनशे वर्षांनी नव्या कराराच्या लेखकांना येशूसाठी 'तारणारा' हा शब्द हवा होता, तेव्हा ग्रीकमध्ये त्यांनी हाच शब्द वापरला, 'सोतेर'. राजांनी नाण्यांवर मिरवलेली पदवी त्यांनी रोमन सत्तेने क्रुसावर मारलेल्या एका सुताराला दिली. त्या शब्दातला बंडखोरपणा आम्हाला पूर्वी कधी जाणवला नव्हता. बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हा बाबासाहेबांनी सांगितलेला फरक आम्ही मानतो. दादा तारणाऱ्याला मानतात. पण त्या काळच्या गरिबाने तो शब्द ऐकला तेव्हा त्याला काय वाटले असेल, हे समजून घ्यायला आमची काही हरकत नाही.

आता आपल्या जिल्ह्यात या.

येशूनंतर वीस-तीस वर्षांनी, पौल गावोगाव हिंडून पत्रे लिहीत होता त्या सुमारास, मिसरमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहिली. त्याचे नाव कळत नाही, पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. भडोचच्या बंदराविषयी तो लिहितो की, तिथे अजून मिनँडरची जुनी नाणी चालतात. म्हणजे मिलिंद जाऊन दोनशे वर्षे होत आली तरी त्याचा पैसा भडोचच्या बाजारात होता! आणि भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून गाड्यांवर लादून, अवघड रस्त्यांनी, गोमेद-अकीकासारखे खडे येतात. तगरहून जाडेभरडे कापड आणि मलमल. उलट दिशेने येई ती इटलीची दारू, तांबे, शिसे, पोवळे, काच आणि सोन्याचांदीची नाणी. भारतापायी रोमचा पैसा वाहून जातो, अशी प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने तक्रार करून ठेवली आहे. त्याने आकडाही दिला आहे, वर्षाला पाच कोटी सेस्टर्स.

त्या बैलगाड्या हाकणारे, खडे घासणारे, सूत कातणारे कोण होते? पेरिप्लस सांगत नाही. अवघड रस्ता मात्र त्याने लिहिला आहे.

फुलंब्रीच्या पलीकडे भोकरदन. प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत या गावच्या लोकांची नावे आहेत. केळणा नदीच्या काठी तिथे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले. त्यात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला. इटलीतले पाँपेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. भोकरदनचा तुकडा आणि तेरला मिळालेली मूर्ती या दोन्ही पाँपेईच्या मूर्तीच्या बहिणी शोभाव्यात अशा आहेत. पौलाला कैदी म्हणून रोमला नेताना त्याचे जहाज पाँपेईच्या जवळच्याच पुतेओली बंदराला लागले, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. भोकरदनच्या एसटी स्टँडवर उभे राहून हे आठवले की गंमत वाटते.

आणि कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या जंगलात, पितळखोरा. अजिंठा-वेरूळला सगळे जातात, पितळखोऱ्याला कमी. ही लेणी इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, म्हणजे मक्काबींच्या आणि मिलिंदाच्या काळातली. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. एक खांब पैठणच्या संघकाच्या मुलांचा. एक पैठणच्याच मितदेवाचा, तो गंधिक कुळातला. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आपल्या भाषेत गांधी किंवा अत्तरवाला. शेजारच्या विहारात राजवैद्य मगिलाच्या घरच्यांचे दान आहे, त्यात त्याच्या मुलीचेही नाव आहे. तसे पाहिले तर कार्ल्याला यवनांनी खांब दिले, जुन्नरला यवन इरिलाने पाण्याच्या दोन पोढी खोदवल्या. पण आमचे मन त्या अत्तरवाल्यावरच अडकले.

कारण बायबलमध्येही अत्तर आहे. येशूला पकडण्याच्या थोडे आधी एक बाई त्याच्यावर फार महागाचे सुगंधी तेल ओतते. लोक तिच्यावर चिडतात, हे तीनशे दिनारांना विकून गरिबांना पैसे देता आले असते म्हणतात. तेल कशाचे? मराठी बायबलात शब्द आहे जटामांसी. ग्रीकमध्ये नार्द, आपल्याकडच्या 'नलद' या शब्दावरून गेलेला. जटामांसी उगवते हिमालयात. आणि पेरिप्लसमध्ये भडोच बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालाच्या यादीत तिचे नाव आहे.

दिनाराचा हिशेब करणे आमचे काम. त्याच बायबलात द्राक्षमळ्याच्या मजुरांची गोष्ट आहे, त्यात दिवसाची मजुरी एक दिनार ठरते. म्हणजे तीनशे दिनार ही सुट्या वजा जाता मजुराची वर्षाची कमाई. ज्याची चूल रोजंदारीवर पेटते त्याने आपला रोज तीनशेने गुणून पाहावा, मग लोक का चिडले ते कळेल. आणि त्या बाईने काय केले तेही कळेल.

हे सगळे घेऊन आम्ही पुन्हा दादांकडे गेलो. आता पाळी त्यांची होती. शलमोन राजाची जहाजे ज्या ओफीर देशाहून सोने आणत तो म्हणजे आपले सोपारा, असे ते वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आले होते. आम्ही म्हटले, "दादा, व्हाउचर?" ओफीरच्या सोन्याची नोंद असलेला एक खापराचा तुकडा इस्राएलमध्ये सापडला आहे, पण ओफीर कुठे, अरबस्तानात, आफ्रिकेत की भारतात, याचा निकाल लागलेला नाही. सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सापडला तो स्तूप आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा. दादा हसले. "दोन नोंदी रद्द," म्हणाले, "एक तुझी, एक माझी."

मग आम्ही त्यांना मोबाईलवर एक छायाचित्र दाखवले. तांबड्या समुद्राच्या काठी, मिसरमध्ये, बेरेनिके नावाचे जुने बंदर आहे, भारतातली जहाजे तिथे लागत. तिथल्या मंदिराच्या उत्खननात २०२२ साली बुद्धमूर्ती सापडली, ७१ सेंटिमीटर उंचीची, संगमरवराची. २०२३ मध्ये ती जाहीर झाली. ती इ.स. दुसऱ्या शतकातली मानतात. येशू भारतात आल्याचा पुरावा नाही. पण नव्या कराराची पुस्तके लिहून होत होती, त्याच सुमारास बुद्ध मिसरच्या बंदरात उभे होते. दादांनी चष्मा काढून, पुन्हा लावून, ते छायाचित्र पाहिले आणि मावशीला हाक मारली.

मावशीला दिसायला कमी येते. तिच्यासाठी आम्ही शहरातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून जटामांसीची पुडी नेली होती. काळसर, केसाळ मुळ्या. तिने पुडी नाकाशी धरली, तोंड वाकडे केले.

"ही व्हय ती? ही तर आपण डोक्याच्या तेलात टाकायचो. तुझी आईबी टाकायची."

"हीच ती, मावशी."

"ह्याला तीनशे दिनार?" म्हणून तिने पुडी परत नाकाशी नेली आणि या वेळी बराच वेळ तशीच धरून ठेवली.